चौदा नंबरची रेघ

धाकट्या लेकीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. ती दोघं जन्मायला अजून सहा आठवडे होते आणि आमच्या घरात बसायला जावं तिथे लोकरीचा गुंडा बुडाखाली येत होता, त्यावरून मला दिवस नक्की सांगता येतात. त्या सकाळी मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत खोल सिंकपाशी उभा राहून लहान बाटल्या विसळत होतो. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि नाकाशी आम्लाचा झोंबरा वास. सोनारीण आत आली. तिचं खरं नाव वेगळं, पण ती दिवसभर सोन्याचं पाणी उकळत बसायची म्हणून मी तिला सोनारीण म्हणायचो आणि तीही ओ द्यायची. एरवी ती दारातूनच ओरडते. त्या दिवशी जवळ आली, तिने स्वतःच नळ बंद केला आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, चौदा नंबर तुमचाच ना?"

"हो. का गं?"

"रेघ आलीय."

माझ्या हातून बाटली पडली नाही. या कामात माझ्या हातून कधी काही पडलेलं नाही. मला आधी भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी किळस आली. त्या नमुन्याच्या डबीचा कोमटपणा, तीन पिशव्यांमधूनही मला तळहाताला जाणवलेला, तो पुन्हा तळहाताला आला. भीती त्यानंतर आली, कारण चौदा नंबर माझा नव्हता. संमतीच्या कागदावर सही माझी होती, वय माझं होतं, वजन माझं होतं. डबीतला ऐवज माझ्या बायकोचा होता.

ते काम काय होतं ते सांगतो, मला समजलं तेवढं. लघवीच्या पिशवीत गाठ धरायला लागली की ती एक प्रथिन सोडते. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. सापडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. सोनारीण सोन्याचे कण बनवायची, एका केसाच्या जाडीत एकापुढे एक चार हजार बसतील एवढे बारीक. नॅनो म्हणतात त्यांना. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. त्या कणांना ती प्रतिपिंडं चिकटवायची, म्हणजे असे चिमटे, जे दुनियेत बाकी कशालाही हात लावणार नाहीत आणि तेवढं एकच प्रथिन पकडतील. मग बोटाएवढी कागदाची पट्टी, तिच्यावर चार थेंब, डबीतून मी धुतलेल्या लहान बाटलीत ओतून घेतलेल्या लघवीचे. पट्टी ठीक चालत असेल तर वरची रेघ येते. ते प्रथिन असेल तर खालीही एक रेघ येते, सोनं तिथे अडकून लाल दिसतं म्हणून. पट्टी पारखायला आधी निरोगी माणसांचे नमुने लागतात. पंचेचाळिशीच्या पुढची वीस माणसं हवी होती. इमारतीतलीच माणसं गोळा केली, माळी, लिफ्टवाला, हिशेबनीस, ग्रंथालयातल्या दोन बाई. चौदावा मी.

मी आधी इस्पितळात होतो. वयाच्या सतराव्या वर्षापासून पुढे बावीस वर्षं. पलंगाखालची भांडी काढायची, ओतायची, घासायची, परत सरकवायची. लोकांना वाटतं, सवयीने नाक मरतं. मरत नाही. ते तोंड दाबून गप्प बसतं इतकंच. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी एका दुपारी मी डबा उघडला, घास तोंडात घातला आणि मला त्यात सगळे वॉर्ड एकदम लागले. त्यानंतर मला माणसाचं अंगच सहन होईना. कंगव्यातला केस, उशीवरचा लाळेचा डाग, पोरींची वाहती नाकं. माझं स्वतःचं कापलेलं नख मी कागदात बांधून टाकायचो. मग ही प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली आणि मी वर आलो, पाण्याखालून डोकं वर काढावं तसा. इथे काच होती. काच धुवायची आणि ती धुतल्यावर खरोखर स्वच्छ होते. पाणी तर पुन्हा पुन्हा गाळून इतकं कोरं केलेलं की त्याला चवही नाही. सोन्याच्या भांड्यांना दोन आम्लांचं मिश्रण फिरवायचं, मग ते कोरं पाणी दहा वेळा. भांड्यात कसला कण राहिला तर सोनं लाल व्हायचं सोडून निळं पडतं, गाठाळतं, फुकट जातं. माझ्या भांड्यात सोनं कधी निळं पडलं नाही. देह म्हणून जी गोष्ट असते ती तिथे नव्हती, आणि मी इतकी वर्षं सुखात होतो. मग त्याच सोन्याला लघवी हवी झाली.

अक्षरंही मी इथेच शिकलो, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. दोन आम्लांच्या बाटल्या दिसायला सारख्या. मी झाकणाच्या रंगावरून ओळखायचो. एकदा कंपनीने झाकणं बदलली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी वेळेवर हात धरला म्हणून निभावलं. ते म्हणाले, "काका, वाचायला शिका, नाहीतर बागेत काम करा." बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती, तिला सगळं वाचता येत होतं. मी रिकाम्या बाटल्यांची लेबलं भिजवून सोडवून घरी न्यायचो आणि ती माझ्याकडून ती पाटीवर गिरवून घ्यायची. मी नायट्रिक आधी लिहायला शिकलो, माझं नाव नंतर. अक्षर चुकलं की ती अंगठा जिभेला लावायची आणि खसकन पुसायची. पाटीवर तिच्या थुंकीचा ओला पट्टा राहायचा, त्याला एक आंबूस वास यायचा. मी एकदा ओला फडका आणून ठेवला, तर म्हणाली, "एवढ्याशा अक्षराला फडका कशाला? हे घरचं पाणी आहे." तिची थुंकी टाळावी म्हणून मी न चुकता लिहायला शिकलो. चार महिन्यांत शिकलो. सर म्हणाले, कमाल आहे काका तुमची.

तिला कशाचीच किळस नव्हती. पोरींचा शेंबूड ती बोटांनी पुसायची आणि तीच बोटं भिंतीला. माझ्या ताटातलं उष्टं उचलून खायची. शेजारची म्हातारी आठ महिने अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं हिने केलं आणि वर तिची नक्कल करून मला हसवलं. मी हसायचो आणि मनात म्हणायचो, हात धुतलेस का? बहुतेक वेळा तोंडानेही म्हणायचो.

आणि ती डबी. दोन दिवस मी ती खिशात घालून फिरत होतो. प्रयोगशाळेच्या संडासात प्रयत्न केला, झाला नाही. लिफ्टवाला पाच मिनिटांत भरून, लेबल लावून, शिट्टी वाजवत देऊन गेला होता. घरी आणली, घरीही होईना. स्वतःचं ते द्रव झाकणात बंद करायचं, हातात घ्यायचं, एका पोरीच्या हातात द्यायचं आणि तिने ते उजेडात धरून बघायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला संडासाच्या दाराशी डबी घेऊन उभा असलेला पाहिलं.

"दोन दिवस काय मिरवताय ती?"

"होत नाहीये."

"दिवसातून दहा वेळा जाता तेव्हा बरं होतं?"

"डबीत होत नाही."

"अरे देवा. आणा इकडे." तिने डबी माझ्या हातातून काढून घेतली, दार लावलं, आणि मी लोकरीचे गुंडे मोजत उभा राहिलो. बाहेर आली ती डबी कपड्याला पुसत. "घ्या. गरमागरम. साहेबांना म्हणावं, साखर घातलेली नाही."

"अगं, पण ते माझं द्यायचंय."

"मुताला काय कुणाचा चेहरा असतो? निरोगी माणसाचं हवंय ना? मग मी काय आजारी आहे?"

मला ते पटलं, आणि हायसं वाटलं ते त्याहून जास्त. मी तीन पिशव्या घातल्या. लेबलावर सुंदर अक्षरात चौदा लिहिलं.

आता सोनारीण सिंकपाशी उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. "घाबरू नका," ती म्हणाली. "मी त्याच बाटलीतले थेंब दुसऱ्या पट्टीवर टाकून बघितले, तरी आली. फिकी आहे. पण पट्ट्या अजून नवीन आहेत, चुकू शकतात. तुम्ही एक करा, ताजा नमुना द्या. पुन्हा आली तर मी स्वतः तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन जाईन." तिने कोटाच्या खिशातून नवी डबी काढली आणि कट्ट्यावर ठेवली. तशीच पांढऱ्या झाकणाची.

ती गेल्यावर मी त्या डबीकडे किती वेळ बघत होतो ठाऊक नाही. ती घरी न्यायला हवी होती. अगं, आणखी एकदा, एवढंच म्हणायचं होतं. तिने भरून दिली असती आणि वर एक विनोद केला असता. मी ते सगळं मनात पाहिलं. तिचा हात, कपड्याला पुसलेली डबी, मग पट्टी, मग कागद ओला होत वर वर चढत जाणारी ती लाली, आणि मग खालची रेघ, पहिल्यापेक्षा गडद. ती रेघ मला आत्ताच दिसत होती, सिंकच्या पांढऱ्या पाठीवर. मी मोजे काढले. डबी उचलली आणि प्रयोगशाळेच्या संडासात गेलो, कडी लावली, डोळे मिटले, श्वास रोखला, आणि जे तीन दिवस झालं नव्हतं ते झालं. हातावर दोन थेंब उडाले. मी हात साबणाने सहा वेळा धुतला, मग मागच्या खोलीत येऊन त्या कोऱ्या पाण्याने धुतला, जे फक्त भांड्यांसाठी असतं. डबी सोनारणीला नेऊन दिली. जेवणाच्या सुट्टीआधी ती धावत आली, पट्टी नाचवत. "एकच रेघ, काका! वरची! तुम्ही ठणठणीत आहात!" तिला इतका आनंद झाला होता की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन पट्ट्या होत्या, शेजारी नमुन्याची ती लहान बाटली. सर तसे चांगले, आवाज चढवत नाहीत, पण त्यांच्या नाकपुडीत नेहमी एक पांढरी खपली असते आणि बोलताना ती हलते. त्या दिवशी मी तिच्याकडेच बघत राहिलो. ते म्हणाले, "एकाच माणसाची लघवी, चार दिवसांच्या अंतराने. एकदा रेघ आहे, एकदा नाही. बाकीच्या एकोणिसांना काही नाही. म्हणजे चूक पट्टीत नाही, या बाटलीत आहे. साबणाचा अंश राहिला तर सोनं भलतीकडे चिकटतं. काका, बाटल्या कोण धुतं?"

"काका धुतात," सोनारीण म्हणाली, "आणि त्यांच्या बाटलीत साबण राहत नाही. मी सहा वर्षं बघतेय."

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळे म्हणजे दोघं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारलं असतं तर बाटली स्वच्छ ठरली असती. आणि बाटली स्वच्छ असेल तर मग ती रेघ खरी. मी म्हणालो, "राहिलं असेल, सर. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं." आणि हे म्हणताना मला, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं. ऊबदार वाटलं. माझी बाटली घाण होती, म्हणून बायको चांगली होती. सोनारणीने माझ्याकडे एकदा पाहिलं, नवख्या माणसाकडे बघावं तसं, आणि मान खाली घातली.

नोंदवहीत चौदाच्या ओळीवर लाल शाईने आडवी रेघ मारली होती आणि पुढे सरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'वगळला. बाटली अस्वच्छ.' मी ते हळूहळू वाचलं, बोट ठेवून, पाटीवर वाचायचो तसं. नंतरचे किती दिवस मी बाटल्या उजेडात धरून डाग शोधत होतो. प्रत्येक बाटलीत सापडावा असं वाटायचं. धुतल्यावर फिरवून बघायचो, पाणी काचेवरून पातळ पडद्यासारखं एकसारखं उतरायचं, कुठे अडायचं नाही, कुठे थेंब धरायचा नाही. म्हणजे स्वच्छ. एकदा मी मुद्दाम साबण न विसळता एक बाटली बाजूला ठेवली, आपल्या हातून असं होऊ शकतं हे स्वतःला पटवायला. पण पाच मिनिटांत हात शिवशिवायला लागले आणि मी ती घेऊन पुन्हा धुतली. खोटं बोलायला जीभ तयार झाली होती, हात होत नव्हते.

घरी मी तिच्याकडे बघत राहायचो. ती लोकर विणत असायची, जिभेचं टोक बाहेर काढून. गाल चांगले होते. भूक चांगली होती. एकदा जेवताना विचारलं, "अगं, तुला काही होतंय का?"

"काय व्हायचंय?"

"म्हणजे दुखतंबिखतं कुठे?"

"हो, दुखतं ना. तुम्ही असं टक लावून बघितलंत की डोकं दुखतं." मग माझ्या ताटातला उरलेला घास उचलून तोंडात टाकला. "आजोबा व्हायची घाई झालेली दिसतेय, प्रेमाने विचारपूस चाललीय." मी पाणी प्यायलो. सांगायचं कसं, कुठून सुरुवात करायची? तुझी डबी माझी म्हणून दिली, इथपर्यंत तिला ठाऊकच होतं. पुढचं वाक्य, 'तिच्यात रेघ आली', एवढंच होतं. सोपं वाक्य, जोडाक्षर एकच. ते माझ्या टाळूला चिकटून बसलं, थंड झालेल्या तुपासारखं, आणि मी ते गिळलं. मग ती धाकटीकडे गेली. जुळी झाली, दोन्ही हडकुळी, दोन्ही रडकी. ती तिकडे चार महिने राहिली आणि मी इकडे रोज स्वतःला सांगितलं की आता ती चांगली असल्याशिवाय का दोन-दोन पोरं काखेत मारून फिरतेय? फोनवर मागे पोरं किंचाळत असायची आणि ती म्हणायची, "एकाचं काढावं तर दुसरं करून ठेवतं. तुम्ही असतात तर बेशुद्ध पडला असतात."

ती परत आली आणि घराचं रूप बदललं. संडास सतत धुतलेला असायचा. फरशी ओली, फिनेलचा वास, बादली भरून ठेवलेली. मी आत गेलो की भांडं असं पांढरंशुभ्र, आमच्या काचेसारखं. मला वाटलं, उतारवयात का होईना, माझं वळण लागलं हिला. मी तसं तिला म्हणालोही. "किती स्वच्छ ठेवतेस गं हल्ली." ती हसली. "तुमच्याकडून काहीतरी शिकायला नको?" या एका आठवणीची मला जितकी शिसारी येते तितकी बावीस वर्षं उचललेल्या भांड्यांची येत नाही. मी त्या ओल्या फरशीवर उभा राहून खूश होत होतो.

जुळी नऊ महिन्यांची झाली होती. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी कामावरून लवकर आलो आणि ती संडासातल्या रिकाम्या बादलीशी खटपट करत होती. दार उघडं होतं. मी भांड्यात पाहिलं. मला तो रंग ठाऊक होता. उकळत्या भांड्यात सोनं आधी फिकं होतं, मग काळपटतं, आणि मग सोनारीण टाळी वाजवते तो रंग. मी तिथेच ओकलो, भिंतीला धरून, तिच्या पायांवर.

तिने आधी मला धरलं. तोंड पुसलं, हाताने. मग म्हणाली, "बघितलंत. म्हणून सांगत नव्हते."

"किती दिवस?"

"पाच महिने होतील. तिकडेच सुरू झालं. मध्ये बंद होतं, वाटतं गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जेवला असतात का माझ्या हातचं?" तिने हे रागाने म्हटलं नाही. खरंच विचारलं, आणि मी काही म्हणेन म्हणून थोडं थांबली. मग ती पाय पुसायला फडकं शोधायला लागली.

डॉक्टर तरुण होती, कागदावर चित्र काढून बोलायची. पिशवी, पिशवीची भिंत, भिंतीतून पलीकडे गेलेली गाठ. पेन त्या भिंतीतून आरपार गेलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. मी विचारलं, वर्षभरापूर्वी कळलं असतं तर? तिने पेनाचं टोपण लावलं. "तेव्हा कुणाला कळणार, काका? त्या वेळी ती वरच्या वर असते. सापडली असती तर आतल्या आत खरवडून काढली असती, दोन दिवसांत घरी. पण त्या वेळी काही लक्षणच नसतं ना." बायको म्हणाली, "बघा, म्हणजे कुणाचीच चूक नाही," आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. माझ्या गुडघ्यावर, माझ्या अंगावर तो असावा याचीच मला घाण वाटली.

नंतर शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आणि मी पुन्हा इस्पितळात आलो. तोच वास. तिच्या पलंगाला पिशवी टांगलेली असायची, ती भरली की मी ओतून यायचो. ती म्हणायची, "अहो, परिचारिका आहे ना." मी म्हणायचो, "करू दे." नाक तोंड दाबून बसलं नव्हतं, चांगलं उघडं होतं, मला सगळा वास येत होता आणि मी तो घेत होतो. जेवणाची वेळ असावी, वॉर्डात भांड्यांचे आवाज होते, तेव्हा मी तिला सांगितलं. रेघ, सोनारीण, दुसरी डबी, सरांसमोर बोललेलं वाक्य. सगळं, क्रमाने.

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षेला मी बसले आणि निकाल तुमच्या नावावर लागला." मला हसू येईल असं तिला वाटलं असावं. मग मान वळवून विचारलं, "दुसऱ्यांदा माझंच का नाही नेलंत?"

"भीती वाटली."

"भीती का किळस?"

माझ्याकडे खोटं उरलं नव्हतं. "पहिल्यांदा किळस. दुसऱ्यांदा भीती."

तिने तोंड भिंतीकडे केलं. तिची मान मागून अगदी बारीक दिसत होती, पोरीच्या मानेसारखी. भांड्यांचे आवाज थांबले, कुणीतरी फरशी पुसून गेलं, मी स्टुलावर बसून राहिलो. किती तरी वेळाने ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "त्या पोरीला जाऊन सांगा. बिचारीची पट्टी उगीच खोटी पडली. आणि ही पिशवी भरलीय, ओता."

मी सोनारणीला सांगितलं, सिंकपाशीच, नळ बंद करून. तिने नोंदवही आणली आणि चौदाचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. तिथे सरांचं तिरकं अक्षर होतं. माझा अंगठा आपोआप जिभेकडे गेला. मी तो ओला करून त्या लाल शाईवर घासला, एकदा, दोनदा. शाई थोडी फाकली, गेली नाही, आणि माझ्या अंगठ्याला लालसर लागलं. "खोडू नका," ती म्हणाली. पहिल्यांदाच पुढे काका म्हणाली नाही. "शेजारी लिहा." मी लिहिलं, 'हा नमुना माझा नव्हता. माझ्या बायकोचा होता. बाटली स्वच्छ होती.' खाली सही केली.

मग बायकोच्या परवानगीने, तिच्या सहीने, तिचा नमुना नेला. या वेळी मीच भरून आणला, पिशव्या न घालता. सर आले. पट्टी टेबलावर होती, चार थेंब, आणि खालची रेघ वरच्या रेघेच्या आधी आली, जाड, डाळिंबी. सर म्हणाले, "वाईट झालं, काका, फार वाईट झालं." पण ते खुर्चीत पुढे सरकले होते आणि त्यांचे डोळे पट्टीवरून हलत नव्हते. लहान मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा माणूस बघतो तसे ते बघत होते. "म्हणजे त्या वेळीही पट्टीने पकडलं होतं. वर्षभर आधी." नाकपुडीतली खपली हलली. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की माझ्याही आत काहीतरी ताठ होऊन उभं राहिलंय, सुखाने. माझी बाटली स्वच्छ होती. ती पहिल्यापासून स्वच्छ होती. मी ते सुख दाबलं, ते दबेना. त्या पट्टीसमोर मी उभा होतो आणि मला माझ्या हातांचा अभिमान वाटत होता.

घरी मी तिला सगळं सांगितलं, सरांच्या खपलीसकट. हे शेवटचं तेवढं सोडून. ती म्हणाली, "लिहिताना चुकलात का कुठे?" मी म्हणालो नाही. "मग ठीक."

आता ते हात घेऊन मी हे लिहितोय. चुकलेलं अक्षर मी अंगठा जिभेला लावून पुसतो. कागदावर पुसलं जात नाही, नुसता ओला डाग पडतो, आणि तो वाळला की वास येतो, आंबूस.

माझी बायको गेली. बुधवार होता, सकाळचे पावणेअकरा वाजले होते. जुळ्यांना दोन वर्षं पूर्ण व्हायला सात दिवस राहिले होते.